चाकाचे नट जाम: टायरवाल्याने गनने आवळले, आता निघता निघेनात

घाटवळण | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात गाडीचे चारही टायर बदलले. पुण्यातलंच एक चालतं दुकान, नाव लिहीत नाही. चाळीस मिनिटांत टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, वर कटिंग चहा. पोऱ्याने टर्रर्र टर्रर्र करत सोळाच्या सोळा नट हवेवर चालणाऱ्या गनने आवळले. मी शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो.

काल आईबाबांना घेऊन चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना मागचं डावं चाक बसलं. वर भुरभुर पाऊस. गाडीबरोबर आलेला एल पाना लावून जोर दिला, नट ढिम्म. पाय दिला, ढिम्म. मग पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो. वजन ७८ किलो. तरी हलेना म्हणून हलकी उडी मारली तेव्हा 'कट्ट' असा आवाज झाला. मला वाटलं पाना मोडला, पण नट सुटला होता. असे तीन काढले. चौथ्याला पाना निसटला, नडगी बंपरवर आपटली आणि नटाचे कोपरे गेले. बाबा छत्री धरून उभे होते. ती माझ्यावर होती की पान्यावर, अजून कळलेलं नाही.

शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्याने सीटखालून जुनी गोटी (नटावर टोपीसारखी बसते ती) आणि लोखंडी पाइप काढला, गोटी हातोडीने नटावर ठोकून बसवली आणि एका हिसक्यात नट काढला. पैसे घेईना, आईने चकल्यांची पिशवी दिली ती घेतली.

आज घरी येऊन बाकीची तीन चाकं तपासली. दहा नट उभं राहून निघाले, ते हाताने परत बसवले. पुढच्या डाव्या चाकाचे दोन मात्र पाइप लावूनही हलत नाहीत आणि त्यातला एक गोल व्हायला लागलाय. आता हे दोन काढायचे कसे? त्याच दुकानात जाऊन भांडू की दुसरीकडे जाऊ? आणि हे सगळीकडे असंच चालतं की माझंच नशीब?

पेठेतला_पाहुणा | रविवार, रात्री ११:०२

पहिली खुर्ची माझी. नडगी कशी आहे आता?

उद्यमनगरी | रविवार, रात्री ११:४०

भावा, उड्या मारणं पहिलं बंद कर. पाना निसटला तर नडगीवर भागतंय, स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) तुटला तर तोंडावर पडशील.

गाडी जमिनीवरच राहू दे, जॅकवर चढवून असला जोर कधी लावायचा नाही. हँडब्रेक ओढ, गिअरमध्ये टाक. नटाभोवती वायर ब्रश मार आणि आत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेव. सकाळी सोडायच्या आधी आवळायच्या दिशेने एक छोटा झटका दे. गंजाने धरलेला नट असला तर त्याने पकड मोडते.

गोटी सहा कोनी घे. बारा कोनी गोटी नटाचे फक्त कोपरे धरते, म्हणून कोपरे जातात. सहा कोनी गोटी सपाट बाजूवर दाब देते. गोल झालेल्या नटावर एक नंबर लहान, म्हणजे १९ च्या नटावर १८ ची जुनी गोटी हातोडीने ठोकून बसवायची. तुझ्या ट्रकवाल्याने केलं ते बरोबरच. आतून तिरक्या धारा असलेली गोटीही मिळते, सोडायला लागलं की ती नटात रुतत जाते. त्यानेही नाही झालं तर छिन्नी, नाहीतर नटावर दुसरा नट वेल्ड करून काढायचा.

आणि हो, गाडीबरोबर येणारा तो एल पाना म्हणजे लग्नात मिळालेलं घड्याळ. असावं म्हणून असतं.

खवचट_काकू | सोमवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे हे काम ठरलेलं आहे. हे पान्यावर उभे राहतात, मी त्यांचा खांदा धरते आणि शेजारचे कुलकर्णी गॅलरीतून सूचना देतात. नट निघाला की श्रेय कुलकर्ण्यांना.

एकटीच_चालक | सोमवार, सकाळी ९:३०

मी कामासाठी आठवड्यातून तीनदा एकटी गाडी चालवते, त्यामुळे हे गणित मला करावंच लागलं. घाटवळण, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा, नट किती आवळायचा ते छापलेलं असतं. माझ्या गाडीला ८५ न्यूटन-मीटर आहे. माझा एल पाना ३० सेंटीमीटरचा. म्हणजे टोकाला साधारण २९ किलोचा जोर दिला की नट पुरेसा आवळला जातो. एवढा जोर मी बसल्या जागी हाताने देते.

आता तुमचं घ्या. ७८ किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्यावर उभा, म्हणजे जवळजवळ २३० न्यूटन-मीटर. आणि त्यालाही नट हलला नाही! अर्ध्या इंची एअर गन ५०० च्या वर आरामात जाते. हाताने तेवढं सोडवायचं तर त्या पान्यावर १७० किलो उभे करावे लागतील. सगळं कुटुंब.

म्हणून माझ्या डिकीत लोखंडी पाइप असतो. पाइप लावून हात ७५ सेंटीमीटर झाला की वीसच किलोच्या जोरात दीडशेच्या आसपास मिळतात, उडी मारावी लागत नाही. पाना डावीकडे आडवा ठेवायचा, म्हणजे खाली दाबला की नट सुटायच्या दिशेने फिरतो. वर ओढू नका, पाठ जाते. माझी गेली होती.

टायर बदलले की दुकानाच्या दारातच मी स्वतःच्या पान्याने प्रत्येक नट एकदा सोडून परत आवळून बघते. पोरं हसतात. हसू देत.

घाटवळण | सोमवार, सकाळी ९:५२

पुस्तिका पहिल्यांदाच उघडली. माझ्याही गाडीला ८५ च आहे. त्याच पानात कोऱ्या वॉरंटी कार्डाबरोबर २०१९ ची एक चिल्लर पावतीही सापडली.

रबरी_माणूस | सोमवार, दुपारी १:२०

आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. त्यामुळे मार खायची तयारी ठेवून लिहितो.

चूक दुकानाचीच, वाद नाही. पण पलीकडून काय दिसतं तेही ऐका. नट जास्त आवळला तर गिऱ्हाईक शिव्या देतं, तेही कधीतरी सहा महिन्यांनी पंक्चर झाल्यावर. नट सैल राहून हायवेला चाक निघालं तर पोलीस दारात येतात. पोऱ्याने कुठल्या बाजूला चूक करावी? तो टर्रर्र थांबवतच नाही. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. चारही टायर टाकायला आलेला माणूस अर्ध्या तासात 'झालं का, झालं का' करतो. टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या मापाइतकं आवळून देणाऱ्या पान्याने, सोळा नट आवळायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात, तेवढीही त्याला नको असतात.

आमच्याकडे मी नियम केलाय. नट आधी बोटांनी तीन-चार आटे बसवायचा, गनने फक्त टेकवायचा आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने. नवा पोऱ्या पंधरा दिवस पाळतो. मग पावसाळ्यात गर्दी झाली की गन.

पेठेतला_पाहुणा | सोमवार, दुपारी १:४१

म्हणजे उन्हाळ्यात टायर बदलावेत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सूत्रधार | सोमवार, संध्याकाळी ६:१०

रबरी_माणूस, प्रामाणिकपणा आवडला. पण 'जास्त आवळलं म्हणजे जास्त सुरक्षित' हे मुळातच चुकीचं आहे. चाक धरून ठेवतो तो स्टडमधला ताण. स्टड आवळताना स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दाबून ठेवतो. मर्यादेपलीकडे आवळला की स्टड कायमचा लांबतो, स्प्रिंगपणा जातो. असा स्टड पुढे सैल पडतो किंवा तुटतो. ज्या भीतीने गन चालवली तेच होतं.

आणखी एक. पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा ताणात जातो. उरलेला नटाच्या बैठकीवर (चाकाला टेकते ती बाजू) आणि आट्यांमध्ये घर्षणात खर्च होतो. म्हणून आट्यांत माती, रंग, गंज असला की पाना सांगतो एक आणि स्टडमध्ये असतं भलतंच.

खारा_वारा | सोमवार, रात्री ८:३५

आमच्याकडे मालवणात दुकानवाल्याने न आवळताही नट चिकटतात. वर्षभर चाक काढलं नाही तर गाडी समुद्राने घेतली समजायची. मी प्रत्येक वेळी आट्यांना तांब्याचं ग्रीस लावतो. दहा वर्षांत एक नट अडलेला नाही.

इथे बऱ्याचदा नट सगळे निघतात आणि चाकच हबला चिकटून बसतं. अलॉय चाकाचं ॲल्युमिनियम आणि हबचं लोखंड, मध्ये खारी हवा, मग ती दोघं सोडत नाहीत. लाथा मारून जॅकवरची गाडी पाडू नका. नट दोन-तीन आटे परत चढवा, गाडी खाली घ्या आणि अगदी मुंगीच्या चालीने हातभर पुढे, हातभर मागे करा. चाक आपोआप सुटतं. मग जॅक लावून नट काढा. हबचा तो गंजलेला गोल खरवडून तिथेही बोटभर ग्रीस लावलं की पुढच्या वेळी ताप नाही.

सूत्रधार | सोमवार, रात्री ८:५०

हबच्या गोलाला ग्रीस लावा, शंभर टक्के अनुमोदन. आट्यांना नको. पुस्तिकेतला ८५ हा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच ८५ ला स्टडमध्ये बराच जास्त ताण येतो. नटाच्या तिरक्या बैठकीला तर बोटही लावू नका.

खारा_वारा | सोमवार, रात्री ९:०४

दहा वर्षां झाली हो! तुमी कागदार बघतास, माका गंज दिसता.

सूत्रधार | सोमवार, रात्री ९:१०

मान्य, मग निदान ८५ च्या जागी थोडं कमी आवळा आणि शंभर किलोमीटर गेल्यावर परत तपासा. मी स्वतः वायर ब्रशने आटे साफ करून कोरडेच ठेवतो. पण मी राहतो नाशकात, हेही खरं.

थंडगार_श्टुटगार्ट | सोमवार, रात्री ११:३०

इथे जर्मनीत हा वर्षातून दोनदा येणारा सण आहे. 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत हिवाळी टायर. बर्फात उन्हाळी टायरवर सापडलात तर दंड. त्यामुळे घरटी चाकांचे दोन सेट आणि ते सांभाळायला तळघर.

गॅरेजमध्ये बदलून घेतलं की बिलावर शिक्का असतो: ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. अनेक गॅरेजं ते फुकट तपासून देतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून केलेली युक्ती असेल. गेलो, तर मेकॅनिकने टॉर्क पाना घेऊन पाची बोल्टांवर 'टक्, टक्' केलं आणि जा म्हणाला. चहा नाही.

तरी इथेही गनबहाद्दर आहेत. गेल्या एप्रिलमध्ये तळघरातून चाकं वर आणली आणि गाडीवरची निघेनात. शेजारच्या आजोबांनी मीटरभर लांबीचा दांडा आणून दिला. ऐंशीच्या घरातले आहेत.

सतरा_नंबर | मंगळवार, सकाळी १०:१५

माझी पोलो. तिला नट नसतात, बोल्ट असतात, १७ चा पाना लागतो. नटवाल्यांनी स्वतःला भाग्यवान समजा. तुमचा स्टड खराब झाला तर ठोकून काढून नवा टाकता येतो. बोल्टचे आटे थेट हबमध्ये असतात. एका दुकानात पोऱ्याने बोल्ट तिरका धरून गन चालवली आणि हबमधले आटे गेले. सांगत होता, 'साहेब, चार आहेत ना अजून.' शेवटी लेथवाल्याने भोक मोठं करून आत आट्यांची स्प्रिंग बसवून दिली. नवा हब, बेअरिंग वगैरे ऐकूनच घाम फुटला होता.

शिवाय स्टडवर चाक नुसतं टांगता येतं. बोल्टवाल्या गाडीत एका हाताने चाक तोलून धरायचं, दुसऱ्याने भोकाला भोक जुळवायचं आणि तिसऱ्या हाताने बोल्ट लावायचा. मी एक लांब बोल्ट डोकं कापून ठेवलाय, तो आधी हाताने बसवून त्यावर चाक टांगतो.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), ज्यांच्याकडे अलॉयची चोरी होऊ नये म्हणून कुलपाचा नट आहे त्यांनी आत्ता उठून डिकीत त्याची चावी आहे का बघा. टायर बदलल्यावर ती दुकानातल्या गनच्या तोंडातच राहते. माझी राहिली होती. कळलं अकरा महिन्यांनी.

खवचट_काकू | मंगळवार, सकाळी १०:४०

बघून आले. नाहीये. धन्यवाद, दिवस चांगला गेला असता नाहीतर.

जुनी_जीप | मंगळवार, दुपारी ३:३०

थोडं अवांतर. आमच्या शेतावर जुनी जीप होती, विलीजच्या धर्तीची. १९८६ साली मी नुकतंच लायसन काढलेलं. डावं चाक पंक्चर झालं म्हणून मी आणि गडी, दोघं मिळून तासभर नट सोडवत होतो. पाइप लावला, पहार लावली, रॉकेल ओतलं. शेवटी वडील जेवून आले, पान्याची दिशा बदलली आणि एका हाताने नट काढला. त्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे! आम्ही तासभर घाम गाळून नट आवळत होतो. वडील काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

फिरताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून तेव्हा तसं करत. सायकलच्या डाव्या पायडलला आजही उलटेच आटे असतात.

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, दुपारी ३:४४

घाटवळण, तुमचं जाम झालेलं चाकही डावंच आहे ना? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

बरं, गंभीर सूचना. आमचा मेकॅनिक सरळ गॅसची बत्ती लावून नट लाल करतो. गरम झाला की लोण्यासारखा निघतो.

सूत्रधार | मंगळवार, दुपारी ३:५८

कृपया हे कोणी करू नका. टायर चढवलेल्या चाकावर बत्ती किंवा वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ. आतल्या हवेचा दाब वाढतो तो वेगळाच. रबर आतून तापून जळाऊ वायू सोडतं आणि त्याचा स्फोट होऊ शकतो. बत्ती बंद केल्यानंतरही होऊ शकतो. अलॉय असेल तर उष्णतेने त्याची मजबुती जाते. बेअरिंगचं ग्रीस आणि सील जळतं ते निराळंच.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी ४:२०

बरोबर. मी वर वेल्डिंगचं लिहिलं ते अर्धवट लिहिलं, चुकलंच. नुसती हवा काढूनही भागत नाही, टायरच उतरवला पाहिजे. आणि चाक गाडीवर असताना टायर उतरवणार कसा? तेव्हा घाटवळण, ते माझं वाक्य खोड. गोटी आणि छिन्नीपर्यंतच थांब.

एकटीच_चालक | मंगळवार, दुपारी ४:३१

चूक मान्य करणारा प्रतिसाद! संपादकांनी फ्रेम करून लावावा.

घाटवळण | गुरुवार, रात्री ९:४५

मंडळी, अहवाल.

मंगळवारी रात्री दोन्ही नटांवर तेल सोडलं. बुधवारी त्याच दुकानात गेलो. मालक आधी म्हणाले, 'रोज इतक्या गाड्या होतात, आजवर कुणाची तक्रार नाही.' मी भांडलो नाही. डिकीतला एल पाना काढला आणि म्हटलं, तुम्हीच काढून दाखवा. त्यांनी लावला, पाय दिला, पाना किंचित वाकला. मग त्याच पोऱ्याला हाक मारली.

पोऱ्याने कमी गोल असलेल्या नटावर गन उलटी लावली. अर्धा मिनिट टर्रर्र. नट तसूभर फिरला, परत अडला आणि मग खाडकन आवाज होऊन नट स्टडच्या तुकड्यासकट गनमध्ये आला. सगळं दुकान गप्प. तिकडे कोण्या काकांचं बॅलन्सिंग चाललं होतं तेही वळून बघायला लागले.

दुसऱ्या, जास्त गोल झालेल्या नटाला मी गन लावू दिली नाही. मालकांनीच शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते एका पिशवीत तीनच वस्तू घेऊन आले: १८ ची झिजलेली गोटी, हातोडी आणि दांडा. चार ठोके, एकदा आवळायच्या दिशेने ढकललं, मग उलटं. निघाला! मिस्त्री म्हणाले, 'हा नुसता आवळलेला होता. तो दुसरा बिघडवलेला होता.' मला तेव्हा फरक कळला नाही.

तुटलेला स्टड ठोकून काढला, नवा स्टड वायसर घालून नटाने खेचून बसवला. स्टड, दोन नट आणि मिस्त्रींची मजुरी मालकांनी दिली. मी मागितली नव्हती, तेवढं त्यांच्याबाजूने लिहायला हवं. तुटका तुकडा नटासकट मी खिशात घालून आणलाय.

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री १०:०५

मिस्त्री जाणता माणूस दिसतोय. भावा, तो नट टाकू नको. ओळखीच्या गॅरेजात ग्राइंडरने उभा कापून घे आणि आत काय दिसतंय ते लिही.

घाटवळण | शनिवार, दुपारी १२:३०

कापला. ऑफिसजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याने दहा सेकंदांत दोन फाका करून दिल्या.

स्टडचा तुकडा आत नटाशी समांतर नाहीये, नजरेला कळेल इतका तिरका आहे. टोकाकडचे पहिले तीन-चार आटे एका बाजूला शाबूत, काळपट. समोरच्या बाजूला आटे उरलेलेच नाहीत. चपटी, चकचकीत पट्टी आहे आणि तिथे सुईसारखी धातूची कात निघून नटाच्या आट्यात दडपून बसलीय. नखाने काढायला गेलो, बोटात घुसली.

उद्यमनगरी | शनिवार, दुपारी १२:५५

मिळालं उत्तर. पोऱ्याने नट हाताने चढवलाच नव्हता. गोटीत नट ठेवला, स्टडवर तिरका टेकवला आणि बटण दाबलं. आट्यावर आटा चढला, गनच्या जोराने तसाच रेटत आत गेला. असल्या नटाला तेल, पाइप, उड्या, कशाचाच उपयोग नाही. तो सुटताना स्टड घेऊनच येणार. बाकीचे नट फक्त जास्त आवळलेले होते, म्हणून जोराने निघाले.

आणि असला नट चाकाला धड दाबतही नसतो. आवळलेला वाटतो, पण सगळा जोर आटे चिरडण्यात गेलेला असतो. तू कुंभार्ली उतरलास तेव्हा पुढचं डावं चाक तीन नटांवर होतं असं समज.

घाटवळण | शनिवार, दुपारी १:०२

हे आईला सांगणार नाही.

रबरी_माणूस | शनिवार, दुपारी २:४०

दोन्ही फाकांचा फोटो मला पाठवाल का? छापून दुकानात गनच्या शेजारी लावतो. मी पंधरा दिवस बोलतोय, हे बघून पोरांना एका मिनिटात कळेल.

घाटवळण | शनिवार, दुपारी ३:१०

फोटो कशाला, अर्धी फाकच कुरिअर करतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

राहिला प्रश्न मूळ धाग्याचा. पंधरा नट जास्त आवळलेले होते, त्यांचे स्टड ताणले गेले असतील का? सगळे बदलू?

सूत्रधार | शनिवार, दुपारी ४:००

सरसकट नको. नवा नट हाताने प्रत्येक स्टडवर तळापर्यंत फिरवून बघा. बोटांनी गुळगुळीत गेला तर ठीक. मध्येच जड झाला तर तिथे स्टड लांबून आट्यांचं अंतर बिघडलंय, तो बदला. मग चौकडीने, म्हणजे समोरासमोरचे नट आळीपाळीने, ८५ ला आवळा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत बघा.

घाटवळण | रविवार, सकाळी ११:२०

बघितले. चौदा गुळगुळीत, मागच्या उजव्या चाकाचा एक जड जातोय. मिस्त्रींकडे उद्या नेतो. टॉर्क पाना मागवलाय, अडीच हजाराला पडला. बायको म्हणाली, टायरवाल्याला चहाचे पैसे दिले असते तर हाताने आवळले असते त्याने.

एकटीच_चालक, तो पाइप किती लांब घेतलात?

एकटीच_चालक | रविवार, सकाळी ११:४५

दोन फूट. प्लंबिंगच्या दुकानात जीआयचा कापून देतात, एल पाना सोबत नेऊन आत जातोय ना बघून घ्या. अडीच फुटी आणू नका, माझ्या डिकीत तो तिरकाच राहतो आणि दार लागत नाही.

खवचट_काकू | रविवार, दुपारी १२:१०

आमच्या डिकीत तीन फुटी बसतो. कुलकर्ण्यांनी मोजून दिलाय. कुलपाच्या नटाची चावी मात्र अजून सापडलेली नाही.